पाठीवरचा बदाम

उदय: हा आधीचा फोटो. आपल्या कुशने स्वतःच्या लग्नपत्रिकेसाठी काढलेला. आणि ही तुझ्या हातातली आत्ताची वस्तू. दोन्ही शेजारी शेजारी धर.

मधुमती: धरलं. झालाय ना लख्ख? दोन संध्याकाळी घासलाय मी. मनगटं भरून आली.

उदय: फोटोत काय दिसतं ते सांग.

मधुमती: अहो, एक्स-रे बघायचं सोडून तुम्हाला सहा वर्षं झाली. आता माझी तोंडी परीक्षा कशाला?

उदय: सांग तर.

मधुमती: चांदीचा बदाम. तळहाताहून मोठा. मधे लाल अकीक. भोवतीनं सगळी पिवळट वेलबुट्टी, कळकटलेली.

उदय: आणि आत्ता?

मधुमती: आत्ता पिवळं सगळं गेलं. पांढरीशुभ्र चांदी. तेच तर करायचं होतं. चांदी जुनी झाली की पिवळी पडते, मग काळी पडते. माझ्या माहेरची भांडी बघितली नाहीत का तुम्ही?

उदय: बघितली. सगळीकडून पिवळी पडायची.

मधुमती: मग?

उदय: वेल, फूल, पान अशी नक्षी काढून पडायची नाहीत.

मधुमती: म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

उदय: मी आत्ता वाचलं. मायसाच्या मुलखातले तुर्कमेन सोनार चांदीवर सोन्याचा मुलामा देत. पाऱ्यात सोनं कालवायचं, नक्षीपुरतं लावायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. दीडशे वर्षं राहतं.

मधुमती: अगं बाई.

उदय: दीडशे वर्षं राहिलं. मग ते लंडनला, स्टॅनमोरच्या या घरात आलं.

मधुमती: अहो, पण ते सोनं सोन्यासारखं दिसत नव्हतं हो! मळकट दिसत होतं. मला वाटलं, होणाऱ्या सुनेचा दागिना आहे, परक्या मुलखातून आलाय, लग्नाआधी एक रात्र देवापुढं ठेवावा. देवापुढं असा कळकट कसा ठेवायचा?

उदय: कशाने घासलास?

मधुमती: रांगोळीनं. कोरड्या रांगोळीनं आणि जुन्या टूथब्रशनं. चांदीला रांगोळीच लागते. टूथपेस्ट नक्षीत अडकून बसते.

उदय: तुझ्याकडे हा दागिना कशाला दिला होता तिने?

मधुमती: सांभाळायला. ब्रिस्टलला ती तिघींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, तिथं नको म्हणाली. ‘काकू, सांभाळा’ म्हणाली.

उदय: सांभाळा म्हणाली. घासा म्हणाली नाही.

मधुमती: तुम्ही जरा गप्प बसा. मला सुचू द्या. माझ्या मैत्रिणीच्या, वरदाच्या बांगड्यांना पॉलिश करून देणारा तो माणूस आहे ना, हॅटन गार्डनच्या सराफ्यातला? त्याला फोटो पाठवते. फोटोबरहुकूम सोन्याचं पाणी चढवून देईल. लग्नाला नऊ दिवस आहेत. कुणाला कळायचं नाही.

उदय: कुणाला?

मधुमती: कुणालाच.

उदय: नवरीला, असं म्हण. वाक्य पूर्ण कर म्हणजे कसं वाटतं ते कळेल.

मधुमती: अहो, दिसेल तसंच!

उदय: नाही दिसणार. नव्यासारखं दिसेल. तुला जुन्याचं नवं करायचंच होतं म्हणा.

मधुमती: बेल वाजली. कोण आलं आता?

उदय: तीच असेल. खिडकीतून तिचा हिरवा कोट दिसतोय.

मधुमती: तीन वाजता येणार होती ना! लपवा हो ते. देवघरात ठेवा.

उदय: कुशने तिला आल्याबरोबर देवाला नमस्कार करायला शिकवलंय. देवघर सोडून कुठेही ठेव.

मधुमती: टी टॉवेल द्या. तो नको, स्वच्छ द्या. तुम्ही दार उघडा. आणि सावकाश उघडा.

(उदय मायसाला आत घेऊन येतो. डायनिंग टेबलावर टी टॉवेल पसरलेला आहे आणि त्याच्या मधोमध तळहाताएवढा उंचवटा आहे.)

मायसा: नमस्कार काकू. मी लवकर आली. आधीचा ट्रेन मिळाली.

मधुमती: ये गं, ये. पण आज इंग्रजीतच बोल बाई. तुझं मराठी ऐकलं की मला हसू येतं आणि आज मला हसायचं नाहीये.

मायसा: बरं, इंग्रजीत. बाहेरची रांगोळी फार सुंदर आहे. मी वळसा घालून आले, पाय लावला नाही. कुशने बजावलंय. राखाडी रंगाची रांगोळी मी पहिल्यांदाच पाहिली.

मधुमती: हो. राखाडी.

उदय: मी दिला पाय तिच्यावर. सकाळपासून दोनदा. चहा टाकतो.

मायसा: काकू, काल आईचा फोन आला. ती येऊ शकत नाही. कागद वेळेत झाले नाहीत.

मधुमती: अगं, असं कसं? लग्न लेकीचं आणि आई नाही?

मायसा: तिने दोन दिवस रडून घेतलं, मग फोन केला. आता ती ठीक आहे. आता ती फक्त सूचना देते. तिने सांगितलं, उद्याच्या उद्या काकूंकडे जा आणि असिक बांधायला शिकव.

मधुमती: कोणाला शिकव?

मायसा: तुम्हाला. असिक म्हणजे तुमच्याकडे दिलेला तो दागिना. तो पाठीवर घालतात, वेण्यांना बांधून. त्यामुळे आपला आपल्याला बांधता येत नाही. आणि घातलेल्या बाईला तो दिसतही नाही. पुढून कुणी आलं तर डोळे आहेत, हात आहेत, माणूस बघून घेतो. पाठीला काय आहे? म्हणून पाठीवर चांदी. आई बांधणार होती आणि माझ्या मागून चालणार होती. आता ते तुम्ही करायचं, असं ती म्हणाली.

मधुमती: असं म्हणाली?

मायसा: ‘कुशच्या आईचा हात स्वच्छ आहे’ म्हणाली. व्हिडिओ कॉलवर तिने तुमचं स्वयंपाकघर पाहिलं होतं.

उदय: मधू, टी टॉवेल.

मधुमती: तुम्ही चहा बघा. मायसा, मला आधी एक सांग. आमच्यात चांदी पायात घालतात. पैंजण, जोडवी. सोनं कमरेच्या वर. माझी जाऊ शशी परवा म्हणाली, सूनबाई चांदी डोक्यावर घालणार म्हणे. तुमच्यात सगळं चांदीचंच का गं?

मायसा: आजी म्हणायची, चांदीत वाईट काही टिकत नाही. मी लहान असताना मला एक टोपी होती, तिच्यावर चांदीचा छोटा घुमट. त्याला लोंबत्या पत्र्या. धावले की वाजायच्या. आवाज झाला की वाईट नजर घाबरते, आणि आईला कळतं मूल कुठे आहे.

उदय: दोन्ही कामं एकाच यंत्रात. उत्तम.

मायसा: लग्नात ती टोपी जाते, मोठा मुकुट येतो. लग्नाच्या दिवशी सगळ्यात जास्त दागिने. मग मुलं झाली की एकेक उतरवायचा. लेकीला, सुनेला देत जायचं. म्हातारीच्या अंगावर एखादाच राहतो.

मधुमती: आमच्यात उलटं. वय वाढेल तसं सोनं वाढतं.

उदय: आणि लॉकर लहान पडतो.

मधुमती: आणि तो लाल खडा?

मायसा: तो रक्तासाठी. बाळंतपणात बाईचं रक्त राखतो, असं मानतात.

मधुमती: मी तीस वर्षं बाळंतपणं केली गं. आम्ही ब्लड बँकेला फोन करायचो.

मायसा: आजीने सहा मुलं झाल्यावर दगडाचे आभार मानले. तिथे ब्लड बँक नव्हती.

उदय: पुस्तकात या आकाराला हृदय म्हणतात. मी जन्मभर हृदयं बघितली. असं एकही नव्हतं.

मायसा: काकू, टेबलावर काही सांडलंय का?

मधुमती: नाही.

मायसा: मग तो टॉवेल?

उदय: मधू.

मधुमती: कळलं हो! मायसा, बस जरा. बसलीच आहेस, बरं. हे बघ, माझा हेतू वाईट नव्हता. हेतूनं काही भरून निघत नाही, ते मला माहीत आहे; चुकीच्या माणसाला चुकीचं औषध दिलं तर हेतू कोण विचारतं? मी तुझा दागिना घासला. चांदी पिवळी पडली असं समजून पिवळं घासून काढलं. ते सोनं होतं. मला ठाऊक नव्हतं. आत्ता, तू बेल वाजवायच्या दहा मिनिटं आधी यांनी सांगितलं. हा बघ.

(मायसा बदाम उचलून उजेडाकडे धरते.)

उदय: चहात साखर घातलेली नाही.

मायसा: फुलं होती इथे.

मधुमती: हो.

मायसा: इथे कडेने वेल होता. त्याला तीन-तीन पानं.

मधुमती: होता गं. रेघा आहेत अजून, बघ, बोटाला लागतात. रंग गेला.

मायसा: हा आजीच्या आजीचा. भुकेच्या सालात घरातले बाकीचे सगळे दागिने वितळवले. हा कापसाच्या पोत्यात होता. नंतर झडत्या व्हायच्या, जुनं काही घरात ठेवायची लोकांना भीती वाटायची, तेव्हा तंदूरमागच्या भिंतीत होता. भिंत पडली भूकंपात. तेव्हाही हा पिवळाच निघाला.

उदय: उपासमार, झडती, भूकंप.

मधुमती: आणि मी. बोला, बोलून टाका.

उदय: मी काही बोललो नाही.

मायसा: काकू, मी पाच वर्षांची होते. सणाला आजी हा घालायची आणि आम्ही खरबुजांच्या शेतातून चालत आत्याकडे जायचो. वाट अरुंद. आजी पुढे, मी मागे. हा तिच्या कमरेच्या वर लोंबायचा, म्हणजे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. तासभर मी दुसरं काही पाहायची नाही. ही पिवळी फुलं हलायची. आजीचा चेहरा मला फोटो पाहिल्यावर आठवतो. पाठ फोटोशिवाय आठवते.

मी तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. तुम्ही विचारलंत, चांदी का. हे त्याचं उरलेलं उत्तर.

मधुमती: अजून एक आहे. ऐकून घे. मी तुला सांगणार नव्हते. वरदाच्या ओळखीच्या माणसाकडून यावर परत सोनं चढवून घेणार होते, गुपचूप. तू जन्मभर तेच आजीचं म्हणून बघितलं असतंस.

उदय: हे सांगायची गरज नव्हती.

मधुमती: होती.

मायसा: मी जरा बाहेर जाऊन उभी राहते.

मधुमती: जा. नाही, थांब! बाहेर नको जाऊस. म्हणजे जा, पण त्या रांगोळीवर... अहो, हिला कसं सांगू?

मायसा: मी पाय देणार नाही. वळसा घालेन.

मधुमती: तसं नव्हे गं. ती राखाडी का आहे, माहीत आहे? घासून झाल्यावर खाली कागदावर वाटीभर रांगोळी साठली होती. चांदीच्या काळ्यानं राखाडी झालेली. रांगोळी कुणी फेकतं का? आमच्या घरात कधी कुणी फेकली नाही. मी ती चाळली आणि आज सकाळी तीच दारात काढली. तू येणार म्हणून. कमळ काढलं.

मायसा: म्हणजे ते सोनं...

मधुमती: दारात आहे.

मायसा: आजीचं सोनं तुमच्या दारात आहे.

मधुमती: कमळात. बहुतेक पाकळ्यांत. मधला ठिपका डब्यातल्या नव्या रांगोळीचा आहे.

उदय: किती असेल विचाराल तर डोळ्यात गेलं तरी कळणार नाही, इतकं. पण तत्त्वतः आहे. आणि तत्त्वतः थोडं माझ्या बुटाला आहे.

मायसा: काका, बूट कुठे आहेत तुमचे?

उदय: पोर्चमध्ये. डाव्याला जास्त असेल. मी डावा आधी टाकतो.

मायसा: झाडता येतील?

उदय: येतील. पोस्टकार्डावर झाडतो. एखादी डबी दे, मधू. घट्ट झाकणाची.

मधुमती: केशराची रिकामी डबी आहे, मसाल्यांच्या वर. हाताला लागेल. आणि कमळसुद्धा उचला. हलक्या हातानं. ब्रश घ्या, झाडू नको.

उदय: कुठला ब्रश?

मधुमती: कुठलाही. टूथब्रश सोडून.

मायसा: काकू.

मधुमती: बोल.

मायसा: मी रागावलेली आहे.

मधुमती: असणारच.

मायसा: आठवडाभर तरी राग राहील. मला माझा अंदाज आहे. कुशने एकदा माझी रोपं उपटली होती, गवत समजून. तेव्हा अकरा दिवस होता.

मधुमती: अकरा दिवस म्हणजे लग्न होऊन जाईल.

मायसा: हो. म्हणून राग आणि शिकवणं वेगवेगळं ठेवू. तुम्हाला वेणी येते का?

मधुमती: मला?

मायसा: दोन वेण्या. घट्ट. खाली एकत्र आणून त्यात ही कडी अडकवायची. मी पाठ करून बसते.

मधुमती: अगं, मला एक मुलगा. चाळीस वर्षांत मी कुणाचे केस हातात धरले नाहीत. धरले ते फोर्सेप्स.

मायसा: त्याहून सोपं असावं.

मधुमती: केस किती दाट गं तुझे. थांब, भांग काढू दे. आमच्या वाईच्या शाळेत रिबिनी बांधून वेण्या वर दुमडायच्या. आई इतक्या ओढून घालायची की दिवसभर भुवया वर. दुखलं तर सांग.

मायसा: दुखत नाही. अजून घट्ट. हा पावकिलोच्या वर आहे. सैल वेणी खाली येते.

मधुमती: आता?

मायसा: आता आईसारखी.

मधुमती: तुझ्या आईला काय सांगणार आहेस?

मायसा: आज? वेणी येते, एवढं सांगेन.

मधुमती: आणि पिवळ्याचं?

मायसा: ते तुम्ही सांगा. व्हिडिओ कॉलवर. मी भाषांतर करेन, अक्षरशः. एकही शब्द गोड करणार नाही.

मधुमती: चालेल. तसंच कर. दुसरी वेणी घेते. मान सरळ ठेव.

मायसा: तुम्ही काहीतरी गुणगुणताय.

मधुमती: मी? हो का. वेणी घालताना तोंडात येतं काहीतरी. पूर्वी बायका दळताना जुळवायच्या तसं. म्हणू का मोठ्यानं? हसायचं नाही.

मायसा: आज हसायचं नाहीच आहे.

मधुमती: 
पाठीचं चांदणं गं, लेकी, दिसंना तुझं तुला,
मागं मी चालते गं, त्याचा उजेड पडं मला.

मायसा: मला ‘लेकी’ आणि ‘मागं’ कळलं. बाकी काय आहे?

मधुमती: बाकी असं आहे की तू पुढं बघ. झाल्या वेण्या. कडी कुठून घालायची?

मायसा: खालून वर. मग दोरा दोनदा फिरवून गाठ. आई तीन गाठी मारते.

मधुमती: मी चार मारते. टाके घालायची सवय आहे. सुटली तर कापावी लागेल.

उदय: आलो. ही डबी. कमळ पूर्ण आलं, डाव्या बाजूच्या दोन पाकळ्या सोडून. त्या बुटावरून घेतल्या. थोडी माती आलीय. आणि मला वाटतं, थोडा पोस्टमन.

मायसा: द्या, बघू. राखाडीच दिसतं.

उदय: उजेडात धर. तिरकं. काही दिसलं?

मायसा: नाही.

उदय: मलाही नाही. मी चष्मा लावून बघितलं.

मायसा: तरी राहू द्या. आईला पाठवेन अर्धं.

उदय: झाकणावर काय लिहू?

मायसा: काहीतरी लिहा नक्की. नाहीतर काकू खिरीत घालतील.

मधुमती: ऐकलंत? अजून घरात आली नाही आणि जिभेला धार बघा.

उदय: तुझं घासायचं काम तिने हातात घेतलंय. मी ‘आजी’ असं लिहितो.

मायसा: चालेल. हॉलमध्ये मोठा आरसा आहे ना? नको, त्याचा काय उपयोग. मला तो दिसायचाच नाही.

मधुमती: ऊठ तशीच. एकदम वळू नकोस, गाठ बसू दे. जड वाटतंय?

मायसा: वाटतंय. पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं. काकू, मी दारापर्यंत जाऊन येते. मागून या. नीट लोंबतो का, बघा.

मधुमती: येते. तू चाल.